मोर म्हणजे गर्वच का? ब्रुगेलची ‘सात पापं’ कशी वाचावीत

प्रश्न मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार थोरला पीटर ब्रुगेल याची, ख्रिस्ती धर्मातल्या सात मोठ्या पापांवरची ‘सात पापं’ ही मालिका तिने एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहिली. प्रत्येक चित्रात मधोमध एक बाई, तिच्याजवळ एक जनावर आणि भोवती राक्षसांचा धुमाकूळ. तिला विचारायचंय ते असं: कोणत्या पापाचं कोणतं जनावर हे ठरलेलं असतं का? त्याचा कोश मिळतो का? पाप दाखवायला दर वेळी बाईच का? आणि हे सगळं लोकांना घाबरवण्यासाठी काढलं की हसवण्यासाठी?

कोश मिळतो, पण सुरुवात तिथून करू नका. चेझारे रिपाचा ‘इकोनोलोजिया’ हा प्रतीककोश रोममध्ये १५९३ साली निघाला, तोही चित्रांविना. चित्रं घातलेली आवृत्ती १६०३ ची. तुम्ही पाहिलेली मालिका छापली गेली १५५८ मध्ये. जो कोश मांडीवर घेऊन आपण ही चित्रं उलगडायला बसतो, तो ती काढणाऱ्याच्या नजरेस पडणं शक्यच नव्हतं. सतराव्या शतकातली छतचित्रं, ग्रंथांची मुखपृष्ठं यांच्यासाठी रिपा फार उपयोगी आहे. ब्रुगेलसाठी बेताचाच. मी स्वतः असं चित्र हाती आलं की आधी खालची अक्षरं वाचतो, मग चित्रातल्या माणसांचं काय चाललंय ते पाहतो, मग मधली बाई आणि जनावर सगळ्यात शेवटी. हा क्रम का, हे सांगताना तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं येतीलच.

आधी ही मालिका कशी तयार झाली ते पाहू. ब्रुगेलने ‘लोभा’चं रेखाटन १५५६ मध्ये केलं आणि उरलेली सहा १५५७ मध्ये. आज ही रेखाटनं विखुरलेली आहेत: लोभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, क्रोध फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सीत, आळस व्हिएन्नाच्या अल्बर्टिनात, कामवासना ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात. भिंतीवर लावायला ती काढलेली नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायची म्हणूनच काढली होती. त्यामुळे ब्रुगेलच्या पेनाच्या बारीक रेघा आणि ठिपके आधीच कोरणाऱ्याच्या हाताला सोपे जातील असे आहेत. कोरणारा पीटर व्हान डर हेयडन. छापून विकणारा अँटवर्पचा हिएरोनिमस कॉक. कॉक आणि त्याची बायको फोल्क्सकेन डीरिक्स यांनी १५४८ च्या सुमारास ‘चार वारे’ या नावाचं प्रकाशनगृह काढलं. कॉक १५७० मध्ये वारला. त्यानंतर तीसेक वर्षं ते बाईंनीच चालवलं, हे सहसा कोणी सांगत नाही.

या दुकानाचा पत्ता महत्त्वाचा आहे. अँटवर्पचा नवा बोर्स, म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार, १५३१ मध्ये उघडला आणि कॉकचं दुकान त्याच्या जवळच होतं. ‘लोभा’ची प्रत घेणारं गिऱ्हाईक हुंड्या वटवून तसंच इकडे वळत असणार. कॉकला बाजाराची नाडी चांगली कळत होती. ‘मोठे मासे लहान माशांना खातात’ हे ब्रुगेलचं रेखाटन १५५६ चं. पुढच्या वर्षी ते छापलं तेव्हा कल्पना कोणाची याच्या जागी कॉकने नाव घातलं हिएरोनिमस बॉशचं, जो १५१६ मध्येच वारला होता. बॉशच्या भुताखेतांना अजून मागणी होती. ‘सात पापां’त माणसाच्या डोक्याची पवनचक्की आणि बेडूकतोंडे राक्षस का दिसतात, याचं निम्मं उत्तर या मागणीत आहे. मात्र या मालिकेवर नाव ब्रुगेलचंच आहे. दोन वर्षांत त्याचं स्वतःचं नाव विकाऊ झालं होतं.

आता अक्षरं. चित्राखालच्या पट्टीत एक ओळ लॅटिनमध्ये आणि एक द्विपदी फ्लेमिशमध्ये, म्हणजे तिथल्या बोलभाषेत, असते. बहुतेक लोक त्यांना एकाच मजकुराच्या दोन भाषा समजून पुढे जातात. तसं नाही. ‘क्रोधा’खालची लॅटिन ओळ सांगते की रागाने चेहरा सुजतो आणि रक्ताने शिरा काळ्या पडतात. ही ओळ रोमन कवी ओव्हिडच्या ‘प्रेमकले’च्या तिसऱ्या भागातली आहे. तिथे कवी स्त्रियांना शृंगाराच्या सूचना देतोय आणि सांगतोय, चिडू नका, रूप बिघडतं. आता वरचं चित्र पाहा. क्रोध म्हणजे चिलखत घातलेली एक बाई तलवार आणि पेटती मशाल घेऊन तंबूतून बाहेर झेपावते आहे. तिच्यापुढे शिपाई भलामोठा सुरा आडवा धरून नागड्या माणसांना कापत चाललेत. अस्वल एकाला फाडतंय. मागे एक राक्षसी आकृती दातांत सुरी धरून, एक हात झोळीत अडकवून बसलीय. कोणीतरी माणसाला सळईवर भाजतंय. आणि या कत्तलीखाली सौंदर्याचा सल्ला! ज्याने शाळेत ओव्हिड घोकलाय त्या गिऱ्हाइकाच्या ओठांवर हसू येणारच. फ्लेमिश द्विपदीत मात्र ही खोच नाही. ती सरळ सांगते की राग तोंड सुजवतो, मन कडू करतो, जीव खवळवतो आणि रक्त काळं करतो. एका पट्टीत दोन गिऱ्हाइकांची सोय केलेली आहे.

‘लोभा’चंही तसंच. लॅटिन ओळ रोमन कवी ज्युव्हेनालची: घाईला आलेल्या लोभ्याला कसली भीती आणि कसली लाज? फ्लेमिशमध्ये वेगळी, जास्त घरगुती तक्रार आहे, की ओरबाडणारा लोभ मान, शिष्टाचार, लाज, देवाची ताकीद, कशाकडेच बघत नाही. चित्रात बाईच्या ओटीत नाणी, बाजूला पेटी, पायाशी बेडूक. मागे गहाण ठेवणाऱ्या सावकाराची झोपडी. आणि खांबावर टांगलेल्या मोठ्या थैलीवर लोक बाणांचा नेम धरतायत. माझ्या मते या पानावरचा खरा विषय ती थैली आहे. बाई लोभी आहे हे सांगायला ओटीतली नाणी पुरेत. थैलीवर नेम धरणारे मात्र स्वतःला लोभी समजत नाहीत, ते खेळात रमलेत.

या मालिकेचं सूत्र मला इथे सापडतं. मधली बाई पापाचं नाव सांगते आणि भोवतालची माणसं पापाचं काम करतात. बाई बहुधा शांत असते, स्वतःत मग्न असते. नजर तिच्यावर अडकली तर चित्राचा नऊ दशांश भाग हातातून जातो.

‘मत्सर’ घ्या. बाई स्वतःचंच काळीज खातेय. ही कल्पना ब्रुगेलची नाही. इटालियन पंडित अल्चातोच्या बोधचिन्हांच्या पुस्तकात, ज्याची पहिली आवृत्ती १५३१ मध्ये आउग्सबुर्गला निघाली, मत्सर म्हणजे सापांचं मांस चघळणारी, डोळे दुखणारी, स्वतःचं काळीज खाणारी मळकट बाई असते. त्याच्याही मागे ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या दुसऱ्या सर्गातली इन्व्हिडिया, म्हणजे मूर्तिमंत मत्सर, आहे. ती फिकट, हाडकुळी, कुजक्या दातांची आणि फक्त दुसऱ्याचं दुःख पाहूनच हसणारी आहे. ब्रुगेलने सापाचं मांस वगळलं आणि काळीज ठेवलं. खाली फ्लेमिश द्विपदी म्हणते की मत्सर म्हणजे न संपणारं मरण, स्वतःलाच खाणारं जनावर. इतपत विद्वानांची परंपरा. पण बाईच्या शेजारी आहे टर्की. हा पक्षी अमेरिकेतून युरोपात येऊन उणीपुरी काही दशकं झाली होती, त्याला जुन्या प्रतीककोशात जागा असणंच शक्य नाही. पुढे दोन कुत्री एका हाडावरून भांडतायत, ती मात्र म्हणीतली. आणि चित्रभर जोडे: जोड्यांचं दुकान, जोडे चाचपणारे लोक. हे जोडे कोणत्याही कोशात मत्सराखाली सापडणार नाहीत. शेजाऱ्याच्या पायातला जोडा आपल्यापेक्षा बरा आहे का, हे पाहायला मान थोडीशीच खाली करावी लागते. म्हणून ब्रुगेलने ते घातले असावेत असं मला वाटतं. हा माझा अंदाज, पण चित्र पाहूनच केलेला.

‘आळस’ माझा सगळ्यात आवडता. बाई गाढवाला टेकून झोपलीय आणि तिची उशी एक सैतान नीट करतोय. आळस ही सैतानाची उशी, ही तिकडची जुनी म्हण. आजूबाजूला गोगलगायी. घड्याळात काट्याच्या जागी माणसाचा हात आहे आणि तो अकराच्या आसपास आलाय, वेळ सरत आलीय. मागे पाणचक्कीत एक अवाढव्य माणूस उकिडवा अडकलाय आणि लोक काठ्यांनी ढोसून त्याला शौच करायला लावतायत. तेवढं कामही त्याच्याच्याने आपणहून होत नाही! लॅटिन ओळ गंभीरपणे सांगते की आळस ताकद मोडतो आणि दीर्घ रिकामपण स्नायू ढिले करतं. त्या गंभीर ओळीच्या डोक्यावर हा पाणचक्कीतला गृहस्थ बसवायचा, हे ब्रुगेलच करू जाणे.

उरलेली तीन चटकन. ‘गर्व’: झगमगीत पोशाखातली बाई हातातल्या आरशात पाहतेय, शेजारी मोर, बाजूला न्हाव्याचं दुकान आणि तिथे केस धुणं चाललंय. ‘खादाडपणा’: डुकरावर बसून सुरई तोंडाला लावलेली बाई, तोंडात पोती ओतून घेणारी माणूस-डोक्याची पवनचक्की, पुलावरून ओकणारा एक, आणि स्वतःचं पोट हातगाडीवर ठेवून ढकलत नेणारा दुसरा. ‘कामवासना’: पोकळ झाडात उघडी बाई आणि तिचा सरड्यासारखा प्रियकर, जवळ कोंबडा, पुढे बॅगपाइपच्या तालावर चाललेली धिंड.

त्या धिंडीपाशी जरा थांबा. रेखाटनात धिंड निघालेल्या नागड्या माणसाच्या डोक्यावर बिशपचा मुकुट आहे. छापलेल्या चित्रात तो गेला आणि त्याच्या जागी साधी टोपी आली. १५५० मध्ये चार्ल्स पाचव्याने नेदरलँड्ससाठी काढलेल्या फर्मानात पाखंडी मजकूर छापण्याला थेट मृत्युदंड होता. कॉक राजाच्या परवान्याने छापत होता, पत्र्यावर तसं कोरलेलंही आहे. पत्रा कोरण्याआधीच कोणीतरी शहाणपण केलं. कोणतंही रेखाटन आणि त्यावरून केलेलं मुद्राचित्र शेजारी ठेवून पाहायची सवय लावा, ती यासाठीच. चित्रातलं सगळ्यात बोलकं ठिकाण बहुधा बदललेलं ठिकाण असतं.

आता जनावरांकडे. मोर गर्वाचा, हे पक्कं वाटतं. पण सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेत मोर अमरत्वाचा आहे. कोंबडा इथे कामवासनेचा, आणि दुसरीकडे संत पीटरच्या पश्चात्तापाचा व जागरूकतेचा. गाढव आळसाचं, पण येशू जेरुसलेममध्ये शिरतो तो गाढवावरूनच, तिथे ते नम्रतेचं. कुत्रा मत्सराचा, आणि दुसऱ्या चित्रात मालकाच्या पायाशी बसला की निष्ठेचा. डुक्कर खादाडपणाला जितकं लागतं तितकंच कामवासनेलाही. या काळातल्या वेगवेगळ्या मालिका समोर ठेवल्या तर दिसतं की एकाने अस्वल जिथे घातलं तिथे दुसऱ्याने सिंह घातलाय. त्यामुळे ‘जनावर पाहा, पाप ओळखा’ हा धडा मी कधी देत नाही. जनावर, खालची ओळ आणि हातातली वस्तू या तिन्हींचं एकमत झालं तरच ओळख पक्की. आणि पान सुटं नसतं, हेही लक्षात ठेवा. सात पानं एका संचात विकली जात. सुट्या पानावर मोर पाहून तुम्ही घोटाळ्यात पडाल, पण बाकीची सहा हाताशी असली की उरलेलं सातवं कोणतं हे आपोआप कळतं.

इथे मराठी वाचकाला षड्रिपू आठवतात. तो मोह आवरा. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर जुळतात खरे, पण ख्रिस्ती यादीत मोह नाही आणि आपल्या यादीत खादाडपणा आणि आळस नाहीत. त्यांची सात जणांची यादी सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिल्या ग्रेगरीने बसवली. तिच्या मुळाशी वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी स्वतःच्या मनात उठणाऱ्या विचारांची केलेली मोजदाद आहे. म्हणून तर खाणं आणि सुस्ती यांना तिथे एवढं वजन. आळसाचा मूळ अर्थ प्रार्थनेत मन न लागणं असा होता. ब्रुगेलच्या काळापर्यंत तो उशीर करणं, लोळत पडणं, काम टाळणं असा बाजारातला अर्थ झाला होता, आणि घड्याळ तेच दाखवतं.

बाईच का, याचं पहिलं उत्तर कोरडं आहे. लॅटिनमध्ये ही सातही नामं स्त्रीलिंगी. प्रुडेन्शियस नावाच्या कवीने इसवी सन ४०० च्या सुमाराला सद्गुण आणि दुर्गुण यांची लढाई रचली, तीत दोन्हीकडून बायकाच लढतात. पुढे हजार वर्षं चित्रकारांनी तेच चालवलं. ब्रुगेलने १५५९-६० मध्ये ‘सद्गुणां’ची मालिका काढली, तीतही मधे बायकाच आहेत. तेव्हा केवळ बाई दिसली म्हणून स्त्रीद्वेष, असं म्हणता येत नाही. पण व्याकरणावर सगळं ढकलूनही भागत नाही. आरसा, वस्त्रं, उघडं अंग, हे सगळं गर्व आणि कामवासनेच्या बायकांनाच मिळालं, आणि ते विकलं गेलं. ताडन करायचं आणि दाखवायचंही, ही सोय कोरणाऱ्यांना पुरती ठाऊक होती. ब्रुगेल त्यातल्या त्यात सौम्य. त्याच्या पापी गर्दीत बाप्ये आणि बाया दोघेही सारखेच बावळट आहेत.

तुलनेसाठी दोन-तीन नावं सांगतो, ती जरूर पाहा. इटालियन चित्रकार मान्तेन्याचं ‘सागरदेवांची लढाई’ हे एनग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र, १४७० च्या दशकातलं. त्यात एक वाळकी म्हातारी पाटी घेऊन उभी आहे आणि पाटीवर ‘इन्व्हिद’ असं कोरलंय. पाटी नसती तर तिला ओळखणं कठीण होतं. जर्मन चित्रकार ड्यूररचं १४९८ च्या आसपासचं एनग्रेव्हिंग नेमकं उलट. शेगडीशेजारी उशीला टेकून एक माणूस झोपलाय, मागून एक राक्षस भात्याने त्याच्या कानात वारा भरतोय, पुढे उघडी स्त्री, खाली काठ्यांच्या पायांवर चढू पाहणारा कामदेव क्युपिड. कुठेही नाव नाही. म्हणून कोणी त्याला ‘डॉक्टरचं स्वप्न’ म्हणतं, कोणी ‘आळशाचा मोह’. उशी आणि शेगडी पाहून मी दुसऱ्या बाजूचा. साठ वर्षांनी ब्रुगेलच्या सैतानाने तीच उशी सरळ केलीय.

ऑल्डेग्रेव्हरच्या १५५२ च्या छोटेखानी चौदा चित्रांत सद्गुण-दुर्गुण निशाणं आणि ढाली मिरवत येतात. ही परंपरा आउग्सबुर्गच्या योहान बेम्लरने १४७४ मध्ये लाकडी ठशांसह छापलेल्या सात पापांच्या पुस्तकापर्यंत मागे जाते. शतक सरताना याकोब माथमने गोल्त्सियसच्या रेखाटनांवरून कोरलेली पापं एकेकटी, पीळदार अंगाची, पुतळ्यासारखी उभी आहेत. भोवतालची गर्दी गायब. जाक कालोची १६२० च्या आसपासची एचिंग (आम्लाने पत्रा खोदून केलेली चित्रं) तळहातावर मावतील एवढी लहान आहेत, डोक्यावर एकेक चिमुकला सैतान घिरट्या घालतो. नजाकत अपार, पण कालोच्या पापांनी कोणाला त्रास होतोय असं वाटत नाही. माझ्या लेखी ती उतरण आहे, इतरांना ती परिष्कृतता वाटेल.

उलट्या दिशेचं एक उदाहरणही आहे. ब्रुगेलच्याच रेखाटनावरून व्हान डर हेयडनने कोरलेली ‘थैल्या आणि तिजोऱ्यांची लढाई’, १५७० नंतर ‘चार वारे’मधूनच निघालेली. त्यात बाई नाही, जनावर नाही. पैशाच्या थैल्या, गल्ले आणि लोखंडी पेट्या हात-पाय फुटून, भाले-तलवारी घेऊन एकमेकींना भोसकतायत आणि नाणी आतड्यांसारखी बाहेर पडतायत. लोभाचं एवढं नागडं चित्र मला दुसरं माहीत नाही, आणि त्यासाठी एकही प्रतीक शिकावं लागत नाही.

घाबरवायला की हसवायला? विकायला, हे पहिलं उत्तर. चर्चमधलं प्रवचन ऐकायला माणूस जातो कारण जावं लागतं. मुद्राचित्र तो पदरचे पैसे टाकून घेतो, घरी नेतो, मित्रांबरोबर टेबलावर पसरून त्यातल्या म्हणी शोधतो. त्यामुळे शिकवण हवी, पण पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटेल असं काही हवं. मुद्दाम लपवलेली पाणचक्की हवी. मालिकेसोबत ‘अखेरचा न्याय’ हेही पान १५५८ मध्येच निघालं, तेव्हा भीती नव्हतीच असं नाही. पण ‘सात पापां’त शिक्षा मरणानंतर होत नाही. खादाडाचं पोटच त्याला हातगाडीला जुंपतं, मत्सरी बाईचे दातच तिचं काळीज फाडतात. नरक आहे तो इथेच, अँटवर्पच्या बाहेरच्या माळावर.

व्हान डर हेयडनचं नाव आपल्याकडेही येऊन गेलंय, म्हणून हे थोडं विषयांतर. अँटवर्पच्याच क्रिस्तोफ प्लांताँने १५६८ ते १५७२ या काळात अनेक भाषांतलं बायबल छापलं. त्याची काही कोरीव मुखपृष्ठं याच हाताची आहेत. नोव्हेंबर १५७९ मध्ये रोदोल्फो अक्वाव्हिव्हा आणि त्याचे जेझुइट सोबती गोव्याहून निघाले ते फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी हे बायबल अकबराला भेट दिलं. त्यातल्या राजाच्या धर्मनिष्ठेच्या रूपकस्त्रीवरून अकबराचा चित्रकार बसावन याने आपली स्त्री काढली. पापं नव्हे, तर सद्गुण पोहोचले. पण कोरणारा तोच. (हाच अक्वाव्हिव्हा १५८३ मध्ये कुंकळ्ळीला मारला गेला. गोव्याच्या वाचकांना ते सांगायला नको.) बसावनला लॅटिन येत नव्हतं, त्याने खालच्या अक्षरांना चित्राचा भाग मानलं नाही. आकृती घेतली, नाव सोडलं. मधली बाई अक्षरांपासून सुटली की तिचं काय होतं, हे पाहायचं असेल तर त्याच्याइतकं सुंदर उदाहरण नाही.

शेवटी, तुम्ही प्रिंटमेकर होणार आहात म्हणून हाताच्या गोष्टी. ब्युरिन या टोकदार हत्याराने तांबं कोरताना आपण हत्यार ढकलतो आणि वळणासाठी पत्रा गोफणीसारखा नव्हे, सावकाश, चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर फिरवतो. त्यामुळे रेघ स्वच्छ येते आणि अक्षरंही, फक्त ती उलटी कोरावी लागतात. ओलसर कागदावर रुळांच्या प्रेसखाली काही शे प्रती झकास निघतात. पुढे आधी मरतात त्या बारीक आडव्या-उभ्या रेघा. म्हणजे उशिरा छापलेल्या प्रतीत ‘क्रोधा’च्या तंबूतला अंधार पातळ होतो, आत काय आहे ते कळत नाही, आणि मधली बाई मात्र ठसठशीत राहते, कारण तिची बाह्यरेषा खोल असते. झिजलेली प्रत पाहणाऱ्याला वाटतं की चित्र बाईचंच आहे. पत्रे एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकले जात, मग खालचं नाव खरवडून नवं कोरलं जाई. काही चित्रांच्या उलट्या नकलाही निघत, त्यांत तलवार डाव्या हातात जाते.

म्हणून एकाच संकेतस्थळावर विसंबू नका. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम या तिघांच्याही प्रती मोठ्या करून पाहता येतात. ‘क्रोध’ काढा, तिन्ही प्रती आणि उफ्फित्सीतलं रेखाटन शेजारी मांडा, रेखाटन आरशात उलटं करून घ्या. मधल्या बाईवर कागदाचा तुकडा ठेवून झाका. मग भोवतालची माणसं एकेक करून काय करतायत ते वहीत लिहून काढा, अस्वलाची पाळी आली की त्यालाही लिहा. खालच्या ओळीचा अर्थ मी वर दिलाच आहे. यानंतर रिपा उघडायला हरकत नाही.